औषधाचें वाहन

एखादें औषध हमखास गुण देणारें असलें म्हणजे त्यास ‘रामबाण’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हा शब्द वापरून वापरून इतका झिजला आहे कीं, खोकल्याच्या गोळीपासून केशवर्धक तेलापर्यंत सर्वांच्या जाहिरातींत तो आढळतो. परंतु रामाच्या बाणाची ख्याति कशामुळें झाली याचा विचार केला तर एक गमतीची गोष्ट लक्षांत येते. तो बाण सर्वांत जड होता किंवा सर्वांत विषारी होता, असें कोणी म्हणत नाहीं. तो चुकत नसे, एवढेंच त्याचें वैशिष्ट्य. ज्याच्यावर सोडावा त्यासच तो लागे. म्हणजे रामबाणाचें माहात्म्य बळांत नसून नेमांत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें असल्याच एका औषधाचें स्वप्न पाहिलें. रोगजंतूस तेवढें मारावें आणि रोग्यास दुखवूं नये, अशा औषधास त्यानें जादूची गोळी म्हटलें. गोळी म्हणजे गिळावयाची नव्हे, बंदुकींतली. १९१० सालीं त्याच्या प्रयोगशाळेंतून बाहेर आलेलें उपदंशावरील सोमलाचें औषध हें त्या दिशेचें एक मोठें पाऊल होय. आम्ही भाषेचे शिक्षक. औषधिशास्त्रांत आमची गति बेताचीच. तथापि रामबाण व जादूची गोळी हे दोन शब्द एकमेकांपासून इतक्या दूरच्या देशांत एकाच इच्छेंतून जन्मले हें पाहून आम्हांस या विषयाची गोडी लागली. आणि पुढें आप्तांतच तसा प्रसंग ओढवल्यामुळें त्या गोडीची निकड झाली.

वस्तुतः आपण घेतों त्या बहुतेक औषधांना नेम असा नसतोच. कपाळ दुखतें म्हणून घेतलेली गोळी रक्तांत मिसळून पायाच्या अंगठ्यापर्यंत फिरून येते, आणि त्या फेऱ्यांत तिचा थोडासा अंश कपाळास भेटतो. औषध सौम्य असलें तर या भटकंतीनें फारसें बिघडत नाहीं. पण कर्करोगावरचीं किंवा खोलवर रुजलेल्या बुरशीवरचीं कित्येक औषधें विषाच्या जातीचीं असतात. रोगाच्या पेशींबरोबर तीं चांगल्या पेशींनाहि मारतात. केस गळतात, पोटांत अन्न ठरत नाहीं, मूत्रपिंडें थकतात. गांवांत एक चोर शिरला म्हणून साऱ्या गांवास आग लावावी, तसा हा प्रकार. यावर उपाय दोन. एक, नवें औषध शोधावें. दुसरा, आहे तेंच विष अशा रीतीनें पाठवावें कीं, तें वाटेंत कोठें सांडूं नये. नॅनो-वैद्यक म्हणून ज्या शास्त्राचा आज बोलबाला आहे, त्याचा एक मोठा भाग या दुसऱ्या उपायांत येतो.

नॅनो म्हणजे किती लहान? मीटरचे एक अब्ज भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. असें सांगितल्यानें कोणाच्याच डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं, म्हणून आम्ही घरांतल्या मुलांना स्वयंपाकघरांतलें माप सांगतों. औषध वाहणारा शंभर नॅनोमीटरचा एक कण फुगून मोहरीच्या दाण्याएवढा झाला अशी कल्पना करा. त्याच प्रमाणांत रक्तांतील तांबडी पेशी एका मोठ्या पुरीएवढी होईल. डोक्यावरचा केस जुन्या वडाच्या बुंध्यासारखा दीड मीटर जाड होईल. आणि तो केस ज्याच्या डोक्यावर आहे तो माणूस चौंतीस किलोमीटर उंच होईल. माहूरगडाचीं शिखरें त्याच्या घोट्यापर्यंतहि पोंचणार नाहींत. त्या अवाढव्य देहांत एक मोहरी सोडावयाची आणि तिनें नेमक्या जागीं उघडावयाचें, असा हा खेळ आहे.

रिचर्ड फाइनमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानें १९५९ च्या डिसेंबरांत सूक्ष्म वस्तूंच्या घडणीवर एक व्याख्यान दिलें. रोग्यानें शस्त्रवैद्यच गिळून टाकावा, ही आपल्या एका मित्राची कल्पना त्यानें त्यांत सांगितली. पुढें रक्तांतून पोहणाऱ्या चिमुकल्या यंत्रांचीं चित्रें नियतकालिकांतून येऊं लागलीं. चित्रें मोठीं मोहक असतात. परंतु आज दवाखान्यांत प्रत्यक्ष वापरली जाणारी वस्तु बहुधा इतकी चतुर नसते. तिला हात नाहींत, डोळे नाहींत. ती एक वाहन आहे.

वाहनाचें महत्त्व आपल्या लोकांस नव्यानें सांगावयास नको. आपले देवसुद्धां वाहनावांचून हिंडत नाहींत, आणि त्यांतहि सर्वांत स्थूल देवास सर्वांत लहान वाहन दिलेलें आहे. आयुर्वेदांत औषधाइतकेंच अनुपानाला महत्त्व. तेंच औषध मधांतून दिलें तर एक काम, तुपांतून दिलें तर दुसरें. मध व तूप यांना योगवाही, म्हणजे ज्याच्या संगतीस जातील त्याचे गुण वाहून नेणारीं, असें नांवच आहे. आमचें आजोळ माहूरचें. लहानपणीं रेणुकेच्या गडावरून उतरल्यावर हातावर मिळणारा तो कुटलेला तांबूल आम्हांस अजून आठवतो. नागवेलीचें पान तेंच, पण खलांत कुटल्यावर त्याची चव निराळी, आणि दांत नसलेल्या आजीसहि तो सुखानें खातां येई. वस्तु बारीक केली म्हणजे ती नुसती लहान होत नाहीं, तिचा स्वभावहि पालटतो, हा धडा आम्हीं प्रथम तेथेंच घेतला असावा.

येथें कोणी अभिमानानें म्हणेल कीं, मग हें सारें आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतें. या अभिमानास आम्ही थोडी वेसण घालूं इच्छितों. भस्म बोटाच्या रेषांत शिरावें, पाण्यावर टाकलें असतां तरंगावें, या कसोट्या आपल्या वैद्यांनीं घालून दिल्या, आणि आधुनिक यंत्रांखालीं तपासतां कांहीं भस्मांत नॅनोच्या मापाचे कण आढळले, हें खरें. त्यावरून त्यांच्या निरीक्षणशक्तीचें कौतुक जरूर करावें. परंतु कण बारीक आहे एवढ्यानें तो हितकर ठरत नाहीं. तो शरीरांत कोठें जातो, किती दिवस राहतो, शंभर रोग्यांपैकीं कितींना गुण देतो व कितींना अपाय करतो, हें मोजावें लागतें. ज्यांनीं कसोट्या घालून दिल्या त्यांचे वंशज म्हणवून घ्यावयाचें असेल, तर नव्या कसोट्यांची टाळाटाळ करून चालणार नाहीं.

आतां ज्या औषधाशीं आमचा परिचय झाला त्याकडे वळूं. त्याचें नांव ॲम्फोटेरिसिन-बी. १९५० नंतरच्या दशकांत दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीच्या कांठच्या मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून तें मिळालें. बुरशीच्या पेशीभोंवतालच्या कवचांत एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य असतें. त्यास चिकटून हें औषध कवचास भोंकें पाडतें, आणि बुरशी गळून मरते. दुर्दैवानें माणसाच्या पेशीच्या कवचांतील द्रव्यहि त्याच कुळांतलें. त्यामुळें हें औषध थोडेंफार आपल्यासहि चावतें: हुडहुडी भरून ताप येतो, आणि मूत्रपिंडांस इजा होते. बुरशी मेली पण रोग्याचीं मूत्रपिंडें गेलीं, ही वैद्यांची नेहमींची धास्ती होती.

यावर तोड निघाली ती इंग्लंडमधील एका निराळ्याच शोधांतून. १९६० नंतरच्या दशकांत ॲलेक बँगहॅम या शास्त्रज्ञास असें दिसून आलें कीं, पेशींच्या कवचांतील विशिष्ट स्निग्ध द्रव्यें पाण्यांत सोडलीं तर तीं आपोआप वळून पोकळ गोळ्या बनतात. यांनाच पुढें लायपोसोम हें नांव पडलें. ॲम्फोटेरिसिन या गोळीच्या भिंतींत बसवलें म्हणजे तें तेथें घट्ट राहतें. रक्तांतून जातांना मूत्रपिंडावर सांडत नाहीं. आणि बुरशीची गांठ पडली म्हणजे तिच्या कवचाकडे ओढलें जातें. ही गोळी वाट शोधते असें समजूं नये. ती रक्ताच्या ओघाबरोबर जाते, आणि दाह झालेल्या जागीं रक्तवाहिन्या पाझरतात त्यांतून बाहेर पडते. तिचा नेम म्हणजे नको तेथें न उघडण्याचा संयम होय. ॲम्बिसोम या नांवानें विकल्या जाणाऱ्या औषधांत या भिंतीचें मुख्य द्रव्य सोयाबीनच्या स्निग्धांशापासून केलेलें असतें. लातूरच्या बाजारांत ज्याच्या राशी आपण दरवर्षीं पाहतों, त्याच दाण्याचें हें थोरपण.

विलायतेंतील हें औषध फार महाग. म्हणून मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांचे सहकारी यांनीं, दिल्ली विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ बिमलकुमार बच्छावत यांच्या साहाय्यानें, तसलेंच औषध येथें सिद्ध केलें आणि रोग्यांवर त्याची रीतसर परीक्षा केली. फंजिसोम या नांवानें तें बाजारांत आलें. रोग्यास देण्यापूर्वीं तें पाऊण तास कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं हलवावें लागतें, म्हणजे त्यांतील गोळ्या फुटून आणखी बारीक होतात. परळच्या त्या रुग्णालयाची ही कामगिरी आपल्या घरांतून जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

२०२१ च्या उन्हाळ्यांत या औषधाचें नांव मात्र घरोघर झालें. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंतून उठलेल्या रोग्यांना काळी बुरशी ग्रासूं लागली. ज्यांची साखर आटोक्यांत नाहीं आणि ज्यांना स्टेरॉइडें दिलीं गेलीं, त्यांच्यावर तिचा विशेष रोख. नाकांतून शिरून ती डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते. मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितलें. सर्वांत अधिक रोगी ज्या राज्यांत निघाले त्यांत महाराष्ट्र होता.

माहूरास राहणारे आमचे वडील मामेभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, त्यांपैकींच एक. गडाच्या वाटेवर त्यांचें हळदकुंकवाचें व प्रसादाचें दुकान आहे. साखरेचा विकार बारा वर्षांचा. देवीच्या पेढ्यास नाहीं म्हणूं नये, हा त्यांचा नियम त्याहूनहि जुना. एप्रिलांत कोरोना झाला, बरा झाला, आणि मे महिन्यांत एके सकाळीं डावा गाल बधिर झाला, डोळा सुजला, टाळूवर काळा डाग दिसला. शंभराहून अधिक किलोमीटर दूर नांदेडास आणि तेथून आणखी एका मोठ्या शहरास त्यांना न्यावें लागलें. तेथील शस्त्रवैद्यांनीं सडलेला भाग कापून काढला आणि हें औषध लिहून दिलें.

येथें हिशेबाची गोष्ट सांगितली पाहिजे. शरीराच्या दर किलो वजनास रोज पांच मिलिग्रॅम, असें या औषधाचें प्रमाण. दादांचें वजन साठ किलो. म्हणजे रोज तीनशें मिलिग्रॅम. एका कुपींत पन्नास. म्हणजे रोज सहा कुप्या, आणि त्याहि एक दिवस नव्हे, कित्येक आठवडे. एका कुपीची किंमत त्या वेळीं सात हजार रुपयांच्या घरांत. दिवसाचे बेचाळीस हजार झाले. पण पैसा ही दुसरी अडचण. पहिली अडचण अशी कीं, कुप्याच नव्हत्या. केंद्रानें राज्यांना वांटून द्याव्या, राज्यानें जिल्ह्यांना, जिल्ह्यानें रुग्णालयांना, अशी वांटणी चालली होती. कोणा दिवशीं सहांच्या जागीं दोन मिळाल्या, कोणा दिवशीं एकहि नाहीं. दादांचीं मुलें रात्रभर फोन करीत. आम्हीहि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर वहींतून शोधून काढले, आणि त्यांपैकीं कित्येकांनीं आपापल्या शहरांतलीं औषधाचीं दुकानें पालथीं घातलीं. शेवटीं वैद्यांनीं नाइलाजानें जुनें, वाहनावांचूनचें ॲम्फोटेरिसिन चालूं केलें. चौथ्या दिवशीं मूत्रपिंडाच्या तपासणीचा आंकडा दुप्पट झाला. लायपोसोमचें महत्त्व कोणत्याहि पुस्तकापेक्षां त्या एका कागदानें आम्हांस अधिक स्पष्ट सांगितलें.

पुढें कुप्या येऊं लागल्या. वर्ध्यास जेनेटेक लाइफ सायन्सेस या कारखान्यानें मे महिन्याच्या अखेरीस ॲम्फोटेरिसिनचें पायस, म्हणजे स्निग्ध थेंबांत मिसळलेलें औषध, बाराशें रुपयांस देण्यास आरंभ केला. १२ जून २०२१ रोजीं जीएसटी परिषदेनें या औषधावरील कर माफ केला. दादा वांचले. मूत्रपिंडें सांवरलीं. डावा डोळा गेला. घरीं आल्यावर आम्ही त्यांना या औषधाची करामत उत्साहानें सांगत होतों. सारें शांतपणें ऐकून घेऊन ते म्हणाले, “रक्तांत शिरल्यावर तें मूत्रपिंडावर सांडत नाहीं आणि बरोबर बुरशीपाशीं उघडतें म्हणतोस ना? मग माझ्या खाटेची वाट त्यास दहा दिवस कां सांपडली नाहीं?” वहिनी म्हणाल्या, “अहो, त्यांना कशाला विचारतां? ते शिकवितात, वांटतात थोडेच.” त्यावर सर्वजण हंसले, आम्हीहि हंसलों, परंतु दादांच्या प्रश्नास उत्तर कोणीं दिलें नाहीं.

या रोगाचीच एक गोष्ट त्या प्रश्नावर प्रकाश टाकते. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. मग पलीकडचा भाग मरतो, आणि तेथें रक्त पोंचत नाहीं म्हणून औषधहि पोंचत नाहीं. म्हणूनच कितीहि उत्तम औषध असलें तरी शस्त्रक्रिया चुकत नाहीं. शंभर नॅनोमीटरचें वाहन असो कीं एक नॅनोमीटरचें, रस्ताच बुजला तर तें जाणार कोठून? जें शरीराचें तेंच देशाचें. शरीराच्या आंतलें वाहन आपण घडवलें; बाहेरचा रस्ता मात्र अनेक ठिकाणीं बुजलेला राहिला.

तो रस्ता मोकळा करतां येतो, याचें उदाहरणहि याच मुलुखांतलें आहे. रोनाल्ड रॉस यानें १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिवतापाचा जंतु पाहिला. सिकंदराबाद हैदराबाद संस्थानच्या मुलुखांतलें, आणि आमचें माहूरहि १९४८ पर्यंत त्याच संस्थानांत होतें. परंतु त्या शोधानंतरहि किती तरी वर्षें हिवतापाची खात्री करावयाची म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र हवें, तें पाहणारा तज्ज्ञ हवा, आणि रक्ताची कांच तालुक्यास जाऊन निकाल परत येईपर्यंत रोग्यानें धीर धरावयास हवा. आज दुर्गम पाड्यांतील आशा कार्यकर्ती बोटाचा एक थेंब रक्त एका पट्टीवर टाकते, आणि पाव तासाच्या सुमारास तांबडी रेघ उमटली कीं नाहीं हें पाहून औषध सुरू करते. ती तांबडी रेघ बहुधा सोन्याची असते. सोनें वीस ते चाळीस नॅनोमीटरच्या कणांइतकें बारीक केलें म्हणजे तें पिवळें राहत नाहीं, माणकासारखें लाल दिसतें; हें मायकेल फॅरेडे यानें १८५७ सालींच अभ्यासिलें होतें. कोरोनाच्या काळांत घरच्या घरीं तपासणी करावयाच्या ज्या पट्ट्या आपण वापरल्या, त्यांच्यामागेंहि बहुतांशीं हीच युक्ति. देवीच्या अंगावरचें सोनें आपण दुरून पाहतों. आशाताईच्या पिशवींतलें हें सोनें डोळ्यांस दिसत नाहीं, पण डोंगरापलीकडच्या तान्ह्या मुलाचा ताप ओळखतें. आणि तें तेथवर जातें तें कोणत्याहि अद्भुत यंत्रानें नव्हे, एका बाईच्या पायांनीं.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एम-आरएनए लशीस जून २०२२ मध्यें आपल्या देशांत परवानगी मिळाली. या जातीच्या लशींतहि नाजूक संदेश स्निग्ध कणांवरून पेशींपर्यंत न्यावा लागतो. परदेशांतील तसल्या पहिल्या लशीस शून्याखालीं सत्तर अंशांची थंडी लागे. ही लस मात्र दोन ते आठ अंशांत, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यांतील साध्या शीतपेटींत राहूं शकते. प्रयोगशाळेंत बसलेल्या शास्त्रज्ञांनीं लस घडवितांना त्या शीतपेटीचाहि विचार केला, हें आम्हांस लशीइतकेंच मोलाचें वाटतें.

आमच्या महाविद्यालयांतील विज्ञानशाखेचीं मुलें कधीं कधीं आमच्याकडे येऊन विचारतात, “सर, नॅनोच्या अभ्यासांत पुढें वाव आहे का?” आम्ही म्हणतों, वाव पुष्कळ आहे, कर्करोगावर, क्षयावर, मधुमेहावर अजून किती तरी नेमके बाण घडवावयाचे आहेत, आणि ते तुम्हीं घडवावे. परंतु तुमच्यापैकीं एखाद्यानें औषधांचा सांठा मोजण्याचा अभ्यास करावा. साथ येण्यापूर्वींच जिल्ह्यास किती कुप्या लागतील याचें गणित मांडावें. एखाद्यानें साखरेच्या तपासणीची पट्टी खेड्यांतल्या प्रत्येक दुकानदाराच्या हातीं वेळेवर कशी पडेल हें पाहावें. दादांची साखर वेळींच आटोक्यांत राहती, तर त्या सहा कुप्यांची गरजच बहुधा पडती ना. हें काम कोणत्याहि चित्रांत शोभून दिसणार नाहीं, आणि त्यास पारितोषिकहि मिळणार नाहीं. पण केसाच्या हजाराव्या भागाएवढें वाहन ज्यांना साधलें, त्यांना नांदेडपासून माहूरपर्यंतचा रस्ता साधूं नये, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.